उनाईचं पाणी

आई, काल यांना घेऊन उनाईला जाऊन आले. सिल्व्हासात कुणाला सांगितलं नाही. झटका आल्यापासून यांचा उजवा हात लोंबतोय आणि तोंडात एकच शब्द उरलाय, "नाही". भूक लागली तरी नाही, दुखलं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, आता आहे त्यात समाधान माना. ते मला कधी जमलं नाही, तुला ठाऊक आहे. मग तुझं ते डोंगरातलं गरम पाण्याचं कुंड आठवलं.

शाळेला सुट्टी लागली की तू मला घेऊन तिथे गुडघे शेकायला जायचीस. पहिल्या खेपेला आपल्याला कोकणातून इकडे येऊन थोडेच दिवस झाले होते. तू अजून पाण्यातच. काठावरची एक बाई मला विचारते, "नाही लीधुं, बेन?" मी म्हणते, "नाही." तिने फ्रॉक चढवून मला बाहेर बसवलं. तू हसून बेजार. "अगं बावळट, गुजरातीत नाही म्हणजे न्हाली! सीतामाई इथे न्हाली, तेव्हापासून इथे कुणी नाही म्हणत नाही." मग लगेच आवाज चढवून, "घरून निघालीस ती काय पाणी बघायला?" आणि दंडाला धरून आत बसवलंस. पाणी इतकं कढत, की मी रडले.

काल पुरुषांच्या बाजूला मला जाता येईना. गाडीवाल्याने यांना आत नेलं, पायरीवर बसवलं आणि तो गाडी हलवायला गेला. परत आल्यावर भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "काका, नाही लीधुं?"

"नाही."

"एकला एकला? ने कपडां पण पहेरी लीधां? जबरा छो तमे तो, काका!"

एकट्याने न्हाऊन कपडेही घातले म्हणून कौतुक करत, मिरवत घेऊन आला यांना. केस कोरडे, बंडीची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती. यांनी माझ्याकडे पाहिलं. "हवे जोजो काकी, फेर पडसे," आता बघाच, फरक पडेल, असं गाडीवाला म्हणाला. मी गाडीचं दार उघडलं.

ऊन होतं, वेळ होता, परत आत पाठवता आलं असतं. इतकी वर्षं शाळेत शिकवताना नीट हात न धुतलेल्या मुलांना मी माघारी धाडत आले. पण पाण्यात उतरून हे असेच बाहेर आले असते, तर पुढे यांना न्यायला मला जागाच उरली नसती. हे तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तू गेलीस तिथे पत्र पाठवायची सोय नाही. तेच बरं आहे. आज सकाळी यांना आंघोळ घालताना म्हटलं, बरे व्हाल हो, पाणी लागू पडतंय.