दिवेलागणीला तळपाय

आई, आज तुझ्या नातीला पहिल्यांदा सुई टोचली. सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. का, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

मी लहान होतो त्या दुष्काळात अख्खं शिरूर कासार ऊसतोडीला निघालं होतं, आपणही गेलो. साखर कारखान्याच्या तळावर आपली उसाच्या पाचटाची झोपडी, कोपी. तू भाकरी थापतेयस, मी चुलीपाशी बसलोय. "काय करपतंय गं?" शेजारीण विचारते. तू भाकर उलटून बघतेस, ती बरी आहे. मग तुझी नजर माझ्याकडे वळते. माझा हात तव्यावर टेकलेला, आणि मी तुझ्याकडे बघून हसतोय. तू धपाटा घातलास, आणि रडलीसही तूच. "आरं, रड की! कावून रडंना झालास?" तोवर बाया म्हणायच्या, लई सोशिक लेकरू हाय, आणि तुला त्याचं कौतुक वाटायचं.

बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले का?"

"व्हय. सख्ख्या आत्याच्या घरीच दिलीया मला. आमच्यात रीतच हाय."

याला दुखणं कळतच नाही, ते म्हणाले, तुम्हा दोघांच्या रक्तातून आलंय, दोष कुणाचा नाही. शेवटचं तेवढं तू ऐकलं नाहीस.

तेव्हापासून दिवेलागणीला बाप बैलांचे खूर बघायचा आणि तू माझे तळपाय. काटा, काच, फोड, सगळं हात फिरवून शोधायचीस. मी वैतागायचो, "बैल हाय का मी?"

"बैल बरा. लंगडतो तरी."

पुढे मामानं त्याची पोरगी मला देऊ केली, तर तू पाठच्या भावाला दारातून परत लावलंस. तो तुझ्या मातीलाही आला नाही. मी वडवणीची, नात्याबाहेरची बायको केली. आता भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण भीती कुणाचं ऐकते?

आज नर्सबाईंनी सुई टोचली. पोरगी क्षणभर गप्पच. मग तिनं असा टाहो फोडला की बाहेरच्या बाया डोकावल्या. मी हसत होतो आणि डोळे गळत होते. "कसला बाप हाय हा," नर्सबाई पुटपुटल्या. भावाशी तोडलंस ते वाया गेलं नाही, आई.

ही चिठ्ठी कुठं धाडायची नाहीच, म्हणून सांगतो. तिला दुखतं, ती रडून सांगेल, हे कळूनही आज दिवा लागल्यावर मी तिचे तळपाय बघितले. लेकराला जवळ घ्यायची दुसरी रीत मला येत नाही.