तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?

अब्बा, तुमचा प्रश्न इथे अरबांच्या मुलखात, तबूकच्या हॉस्पिटलात कामी आला. दारात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही तो विचारायचात, "तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?" नाव नंतर, चहा त्याच्याही नंतर. अम्मी आतून म्हणायची, "आधी पाहुण्याला पाणी द्या, मग विचारा." मला बघायला आलेल्या एका बड्या घरच्या माणसाला उत्तर देता आलं नाही, तर ती मंडळी जाताच तुम्ही म्हणालात, "ज्याला आपलं पाणी ठाऊक नाही, तो माझी लेक काय सांभाळणार?" मी लाजेने अर्धी झाले होते. शाळेत भूगोल शिकवता तेवढा पुरे की, घरी कशाला, असं वाटायचं.

माझ्या वॉर्डात आर्मेनियाचे एक म्हातारे इंजिनियर होते. उमर सगळी इथल्या बांधकामांवर गेली. ऑपरेशननंतर ताप चढला आणि उतरला तेव्हा माणूस गप्प. त्यांना मायदेशी जायचं होतं, मुलगी तिकडे डोळे लावून बसलेली. पण भान ठिकाणावर आहे असं मी लिहून दिल्याशिवाय विमानात घेणार नव्हते. आज वार कोणता, हे शहर कोणतं, कितीदा विचारलं. भिंतीकडे बघून "खलास" म्हणायचे, बस. माझा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, ये नहीं जा पाएंगे." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग जेवणाचा ट्रे पुढे सरकवताना माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न गेला, इंग्रजीत.

म्हातारा मान वळवतो. चादर ओढून तिचं पठार करतो, हाताने दाबून खोल दरी पाडतो. एकीकडे चमचा, दुसरीकडे काटा, या दोन नद्या. त्या मिळतात तिथल्या कड्यावर खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडा: हा जुना किल्ला. तीन बाजूंना दरी, म्हणून भिंत एकाच बाजूला बांधावी लागली, म्हणाले. खाली दगडी पूल, त्यावरून व्यापाऱ्यांची वाट, आणि त्या वाटेमुळे वर पठारावर गाव वसलं. दगड आपल्या घाटातल्यासारखाच काळा. आणि पाणी? नदी हाताशी, पण फार खोल. म्हणून गाव पितं ते डोंगरातल्या झऱ्याचं. दुसऱ्या दिवशी मी उलटं विचारलं, झऱ्याकडून किल्ल्यावर न्या म्हटलं; उलटं सांगायला भान जागं लागतं. नेलं. मोबाइलवर नकाशा उघडून पडताळलं, एक वळण चुकलं नव्हतं. मी सही केली. ज्युनियर विचारतो, "मॅडम, ये टेस्ट कहाँ सीखा?" म्हटलं, "घर पे. मेरे अब्बा का है." अब्बा, एवढ्या ताठ मानेने मी कुठल्या डिग्रीचं नाव घेतलं नव्हतं.

निघताना व्हीलचेअर थांबवून त्यांनी मला विचारलं, "आणि तुमच्या गावाला?" मी सगळं सांगितलं. मशिदीमागची विहीर, तिच्या झिजलेल्या पायऱ्या, खाडी एवढी जवळ असूनही गोड पाणी, आणि त्या पाण्यापायी आधी गलबतं थांबली, मग माणसं राहिली, ही तुमची गोष्ट. ते खूश झाले. माझा हात दाबून गेले.

तुम्ही गाव सोडल्यावर ती विहीर बुजवलीय, अब्बा. तिथे आता गाड्या लावतात, पाणी नळाला येतं. त्यांना मी हे सांगितलं नाही. तुम्हालाही कळवायचं नव्हतं, पण लिहून गेले, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहू दे.