सोम-बुध-शुक्र सांभाळून

५ जाने., सोम.

आराखडा नं. ४. बँकॉक कापलं. बायकोनेच, मंजूने, कापलं, डायलिसिसच्या मशीनवर पडल्या पडल्या, उजव्या हातात पेन्सिल धरून. डाव्यात सुया होत्या. म्हणाली, "चार शहरं म्हणजे चार नवीन माणसं मला टोचणार. तीन बास झाली."

उरलं ते असं : शनि. ७ मार्च विमानाने क्वालालंपूर (के. एल.). तिथून गाडीने मलाक्का. तिथून बसने सिंगापूर. रवि. १५ला परत. सोमवारचं डायलिसिस के. एल.ला, बुधवारचं मलाक्क्याला, शुक्रवारचं सिंगापूरला. सोळाला पुन्हा पनवेल, पुन्हा हीच खुर्ची. तीन वर्षं होत आली. सोम-बुध-शुक्र एकदाही चुकलेलं नाही, गणपतीतसुद्धा नाही.

सगळे सांगतात, एकच शहर करा. पण हिला शहर बघायचंच नाही. हिला एका देशातून दुसऱ्या देशात जमिनीवरून जायचं आहे. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मुलांकडून नकाशात सीमा गिरवून घेतल्या, स्वतः एकही ओलांडली नाही. आम्ही दोघंही देशाबाहेर कधीच गेलेलो नाही. "विमानात काय, जेवण संपेपर्यंत देश बदलतो. कळतही नाही," हे हिचं म्हणणं.

हे सेंटरबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. अजून दीड तास.

८ जाने., गुरु.

तिन्ही सेंटरांना मेल गेले. तीस वर्षं न्हावा शेव्याच्या मालाचे कागद करतोय. पोर्ट क्लांग, सिंगापूर ही नावं दिवसातून दहा वेळा टाइप होतात, डोळ्यांसमोर काही येत नाही. आज पहिल्यांदा वाटलं की तिथे माणसं राहतात.

शेजारच्या टेबलावरचा कदम म्हणाला, "साहेब, वहिनींचं म्हणजे त्या फ्रीजवाल्या रीफर कंटेनरसारखं झालं. बंदर येण्याआधी प्लग बुक करा, नाहीतर माल गेला." हसलो. राग कदमचा आला नाही. हे मला त्याच्या आधीच सुचलं होतं, त्याचा आला.

१४ जाने., बुध. संक्रांत

के. एल.चं उत्तर आलं. जागा आहे. यादी पाठवलीये : मागच्या तीन वेळांचे तक्ते, कोरडं वजन (पाणी काढल्यानंतरचं), औषधं, डॉक्टरांचं पत्र, कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट महिन्याच्या आतले. सगळं होण्यासारखं आहे. कागद म्हटला की मी कोणाच्या बापाला ऐकत नाही.

मशीन लावणारी प्रणाली मोरा गावाहून स्कूटरवर येते. तिने मंजूच्या हाताचं चित्र काढायला घेतलंय. शीर कुठे वळते, सुई कुठून घालायची, कुठे अजिबात नाही. "काकू, ह्यो कागद तिकडच्या पोरीला पयला दाखवा. वरच्या अंगाला टोचू देव नका. तिला भाषा नाय कळली तरी चित्र कळंल." मंजूने तिला दोन लाडू दिले, स्वतः अर्धा खाल्ला. अर्ध्याचीच परवानगी आहे.

२१ जाने., बुध.

मलाक्का हो. सिंगापूर हो, शुक्रवारी दुपारी एकची वेळ. म्हणजे गुरुवार १२ मोकळा, आणि गुरुवारीच सीमा. बसमधून सामानासकट उतरायचं, मलेशियाचा शिक्का, परत बस, पूल, परत उतरायचं, सिंगापूरचा शिक्का. मंजूने व्हिडिओ बघून पायऱ्या मोजल्यात. लिफ्ट आहे.

आज घरी येताना शिट्टी वाजवत होतो म्हणे. मला आठवत नाही.

२५ जाने., रवि.

मंजूचा आराखडा माझ्यापेक्षा बरा आहे, हे मान्य करावं लागेल. माझ्यात एका दिवसाला पाच गोष्टी होत्या. हिने सगळ्या उडवल्या. डायलिसिसच्या दिवशी काही नाही, फक्त झोप. बाकीच्या दिवशी एक. रवि. ८ : झाडाखाली बसणे. हे तिने खरंच लिहिलंय, "बसणे". मी म्हटलं, बसायला परदेश कशाला, खांदा कॉलनीत बाकं काय कमी आहेत? म्हणाली, "तिथलं झाड वेगळं असेल."

संध्याकाळी पुण्याहून केतकीचा फोन. एकुलती एक मुलगी, बोलते मात्र सासूसारखी. "बाबा, जरा प्रॅक्टिकल विचार करा. तिकडचा उकाडा, आईला दिवसाला एकच लिटर पाणी चालतं. मध्येच काही झालं तर तुम्ही कोणाला हाक मारणार?" मी चिडलो. नको ते बोललो. तिचं चूक नव्हतं, म्हणूनच चिडलो. नंतर मंजूने तिला फोन केला, दार लावून.

६ फेब्रु., शुक्र.

सिंगापूरचा व्हिसा आला. छापून मंजूच्या हातात दिला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, खालच्या बारीक सूचनांसकट. मग कपाटात साड्यांखाली ठेवला, जिथे घराचे कागद आहेत.

९ फेब्रु., सोम.

रिपोर्टसाठी रक्त दिलं. पहिल्या डायलिसिसच्या नेमकं एक महिना आधी, मोजून. बॅगा माळ्यावरून काढल्या. एकीचं चाक निखळलंय.

१२ फेब्रु., गुरु.

कावीळ सी पॉझिटिव्ह.

तीन वर्षं दर तीन महिन्यांनी निगेटिव्ह. नोव्हेंबरात निगेटिव्ह. पुन्हा तपासलं, तेच.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. तीन महिने गोळ्या. बहुतेकांचा विषाणू पूर्ण जातो." मी विचारलं, मग रिपोर्ट निगेटिव्ह येईल? "नाही. विषाणू गेला तरी ह्या तपासणीत खूण राहते. कायमची."

कायमची. म्हणजे कोणतंही सेंटर यादीत हाच रिपोर्ट मागणार आणि हाच रिपोर्ट बघणार.

हे आलं कुठून, विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. घरात कोणाला नाही, बाहेर कुठे सुई नाही, दाताचं काम नाही. हिचं रक्त एकाच ठिकाणी बाहेर निघतं.

मंजू एवढंच म्हणाली, "म्हणजे मार्च गेला." मग, "सेंटरांना कळवलंत?" मी हो म्हटलं. कळवलेलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

मंजूला आतल्या खोलीत हलवलं. एक मशीन, खिडकी नाही. आधी तिथे खोकी ठेवायचे. बाहेरच्या हॉलमधल्या तिघी, ज्यांच्याशी तीन वर्षं चार-चार तास गप्पा चालायच्या, त्यांनी दारातूनच हात केला.

प्रणाली माझ्याकडे बघत नव्हती. निघताना बाकापाशी आली. "काका, मी दर टायमाला मोजं बदलतंय. आईची शप्पत. माझ्याकडनं नाय झालं." मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. पोरीने तीन वर्षांत एकदाही मंजूची शीर चुकवलेली नाही. पण मला त्या वेळी कोणीतरी हवं होतं आणि समोर ती होती.

१६ फेब्रु., सोम.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात कोणी नव्हतं. नोव्हेंबरचा रिपोर्ट उघडला. तारीख बदलायला दोन मिनिटं लागली. खालच्या सहीजवळची दुसरी तारीख विसरलो होतो, तीही केली. कागदाच्या माणसाला असं काही जड नसतं. तारीख मागेपुढे करणं हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. मी आयुष्यात एकदाच केलं, साहेबांनी सांगितलं म्हणून. त्याचंही पुढे काही झालं नाही.

छापून पाहिला. खरा दिसतो.

विचार केला तो असा : तीन डायलिसिस. फक्त तीन. तिकडे मशीन धुतात, आपल्यापेक्षा चांगलं धुतात. हिला गुरुवारचा एक दिवस मिळेल. नंतर काय व्हायचं ते होवो. मेल लिहिला, जोडला. पाठवला नाही. कदम आला.

१७ फेब्रु., मंगळ.

मेल तसाच आहे. तिकडे चिनी नववर्षाची सुट्टी, घाई नाही, अशी स्वतःची समजूत.

चार दिवस मी एका माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतोय. मंजूच्या आधी त्या मशीनवर कोणीतरी बसलं. त्याचा रिपोर्ट कोणी बघितला नाही, किंवा बघितला तो खरा नव्हता. खरं काय ते कधी कळणार नाही. पण तो कागद पुढे सरकवणाऱ्या माणसाला मी चेहरा दिला होता. बेफिकीर, तंबाखू चघळणारा, सह्या मारून मोकळा होणारा.

आज पालस्पे फाट्यावर ट्रेलरांच्या रांगेत बस पाऊण तास उभी होती. तेव्हा तो चेहरा बदलला. तो घरचाच कोणीतरी असेल. नवरा, मुलगा. आईला लांब कुठे न्यायला नको, इथल्या इथे खुर्ची मिळावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत कागद करणारा. हातात कला असलेला. जीव असलेला.

बसमधून उतरून रांग संपेपर्यंत चालत गेलो.

ऑफिसात पोचल्यावर फाइल काढून टाकली, तिन्ही सेंटरांना खरा रिपोर्ट पाठवला. छापलेला कागद फाडून टाकला. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२० फेब्रु., शुक्र.

के. एल. : क्षमस्व, वेगळं मशीन नाही. मलाक्का : क्षमस्व, आणि लवकर बरं वाटो. दोन ओळी, दोन शहरं.

मंजू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होती. वाचून दाखवलं. म्हणाली, "मलाक्क्याच्या बाईने निदान बरं वाटो म्हटलं."

हल्ली घरावरून विमानं जातात. नवा विमानतळ झाल्यापासून सोसायटीत जो तो विचारतो, "मग, कधी निघताय?" आज वॉचमनलाही उत्तर द्यावं लागलं.

२३ फेब्रु., सोम.

गोळ्या सुरू. प्रणालीशी बोललो. म्हटलं, मला माहीत आहे तुझी चूक नाही. ती म्हणाली, "तुमाला माहीत हाय, पण त्या दिवशी नाय बोललात." बरोबर बोलली. चित्र पूर्ण करून आणलं होतं, रंगीत पेनांनी. मंजूने घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

२७ फेब्रु., शुक्र.

सिंगापूरचं उत्तर, दहा दिवसांनी. वेगळं मशीन एकच. १३ला नाही, सोम. ९ मार्च, सकाळी साडेसहा. तेही तिथल्या डॉक्टरांनी यकृताचे नवे आकडे बघून हो म्हटलं तर. मंगळवार ३ मार्चपर्यंत कळवा.

आमच्या डॉक्टरांना विचारलं. आकडे चढलेले आहेत. "मी तुमच्या जागी असतो तर गेलो नसतो. पण पत्र मागितलंत तर देईन."

तरी आराखडा नं. ५ केला. हात थांबत नाही. शनि. ७ विमानाने सिंगापूर. रवि. ८ पूल ओलांडून बसने पलीकडे मलेशियात, दुपारपर्यंत परत. सोम. ९ डायलिसिस. मंगळ. १० घरी. एका पानात मावला. वाचताना कळत होतं की हा आराखडा नाही, हा हट्ट आहे. तीन दिवस, आजारी बाई, एकच मशीन, आणि ते बंद पडलं तर दुसरं नाही.

१ मार्च, रवि.

पान मंजूसमोर ठेवलं. ती मेथी निवडत होती. वाचलं, बाजूला ठेवलं, पुन्हा मेथी.

मग म्हणाली, "तो नोव्हेंबरचा रिपोर्ट पाठवला नाहीत तुम्ही."

त्या सोमवारी, सोळाला, डबा काढताना माझ्या बॅगेत तिला तो कागद दिसला होता. तारीख बघितली, घडी होती तशी घालून परत ठेवला. पंधरा दिवस एक शब्द नाही. मी सांगायला लागलो, कसा पाठवणार होतो, कसा नाही पाठवला, बसमध्ये काय वाटलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. तीस वर्षांच्या संसारात कधी मागितली नाही, आज हवी होती.

ती ऐकून घेत होती. म्हणाली, "त्यांचे नकार येईपर्यंत मी रोज वाट बघत होते. पाठवलात का ते तुमच्या तोंडावर दिसतं का बघत होते."

"पाठवला असता तर?"

"तर गेले असते."

"मंजू."

"काही विचारलं नसतं. बॅग भरली असती आणि गेले असते. माझ्यानंतर तिकडे कोण त्या खुर्चीत बसणार, मला तिचं नाव थोडंच कळणार होतं? आणि माझं तरी कोणाला कळलं इथे?"

हे बोलून ती रडायला लागली, मेथीच्या काड्यांमध्ये हात तसेच ठेवून. दोन्ही आजारपणांत, एवढ्या सुयांत, मी तिला असं रडताना पाहिलेलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे नीट बघू शकलो नाही. पंधरा दिवस मी स्वतःला तिच्यापेक्षा चांगला समजत होतो, ते आता तिला कळलं आणि मलाही.

नं. ५ टेबलावर आहे, मेथीच्या पाण्याचा डाग पडलाय. मंगळवारपर्यंत कळवायचं आहे. तिने जाऊ या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मी विचारलेलं नाही.