डॅडसाठी मागची खोली

रविवार, १ जून
आज मला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली. केक डॅडनी आणला. लिंबाचा, घरी केलेला. केक कधीपासून करायला लागलात, विचारलं. म्हणाले, शिकलो. एकट्या माणसाला वेळ घालवायला काय काय शिकावं लागतं.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. एप्रिलपासून डॅड दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात. बाराच्या ठोक्याला. मी बोलून दाखवत नाही, पण त्यांना दुसरं आहे कोण? थोरली इमोजन यॉर्कला, तिचा नवरा, मुलगी, नोकरी. म्हणजे राहिले मीच. माझ्यासोबत राहणारा डंकन मार्चमध्ये निघून गेल्यापासून माझ्याकडे जागा आहे आणि वेळही आहे. डंकनबद्दल मला आता काहीही वाटत नाही. त्याचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.

निश्चय: २४ ऑगस्टला डॅड सत्तर होतील. तोवर मागची खोली नवी करायची आणि त्यांना कायमचं इथे आणायचं. कोणालाही सांगायचं नाही. काम सगळं स्वतः करायचं. दोन आठवडे लागतील. उन्हाळ्याचा उरलेला भाग बागेला देता येईल.

शनिवार, ७ जून
सकाळी ९: मागच्या खोलीतला जुना वॉलपेपर खरवडायला घेतला. अकरापर्यंत संपेल.
११: खाली दुसरा वॉलपेपर निघाला. भोपळ्यांचा.
२: भोपळ्यांखाली पट्ट्यांचा. पट्ट्यांखाली गुलाबांचा. घर बहुधा कागदाचंच बांधलंय.
५: कागद संपला. त्याच्या मागोमाग गिलावाही आला. मोठ्या ताटाएवढा पोपडा. आत विटा दिसतात. विटा सध्या फॅशनमध्ये आहेत.

रविवार, ८ जून
डॅड आले. केसांत पांढरं काय आहे, विचारलं. ड्राय शाम्पू, म्हटलं. आम्ही रोस्ट खात असताना वर धप्पकन काहीतरी पडलं. डॅडनी छताकडे पाहिलं. मांजर, म्हटलं. त्यांनी मान डोलवली आणि बटाटे वाढून घेतले.

माझ्याकडे मांजर नाही. हे त्यांच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. परिस्थिती मला वाटलं होतं त्याहून गंभीर आहे.

गुरुवार, १२ जून
मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात रिसेप्शनवर बसल्या बसल्या म्हातारपणातल्या विस्मरणाच्या लक्षणांवर बरंच वाचलं. एकट्यानं गुणगुणणं. कपड्यांच्या सवयी अचानक बदलणं. डॅड गेल्या रविवारी जेवणभर गुणगुणत होते. अंगात शर्टही नवा, निळा. आई होती तेव्हा शर्ट घ्यायला त्यांना ओढत न्यावं लागे.

इमोजनला फोन केला. ती म्हणाली, माणसानं शर्ट घेतला म्हणजे आजार होत नाही. इमोजन लहानपणापासून अशीच, डोळे मिटून घेणारी.

शनिवार, २१ जून
इमोजनच्या फ्लोराचा पाचवा वाढदिवस. केक मी करणार, असं महिन्यापूर्वीच जाहीर केलं होतं. साळिंदराच्या आकाराचा केक. काटे चॉकलेटच्या कांड्यांचे. मालटनच्या माझ्या घरापासून यॉर्कपर्यंत गाडीत ऊन लागून काटे एका बाजूला झोपले आणि डोळे घसरून हनुवटीवर आले. फ्लोरानं बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, हे मेलंय का?" तिच्या वर्गातली एक मुलगी रडली. बाकीच्यांनी खाल्ला. चवीला उत्तम होता.

डॅड एका बाईंना घेऊन आले होते. ग्लेंडा. नगरपालिकेच्या जमिनीवर डॅडचा भाजीचा वाफा आहे, त्याच्या शेजारचा वाफा या बाईंचा. चौसष्ट वर्षांच्या, विधवा, मोठ्यानं हसणाऱ्या. डॅडच्या चहात त्यांनी न विचारता दूध घातलं. अगदी बरोबर घातलं. बिचाऱ्या एकट्या असणार, म्हणून डॅडना चिकटून असतात. डॅडना कोणाला नाही म्हणता येत नाही. माझ्याकडे राहायला आले की हा त्रास आपोआप थांबेल.

निघताना ग्लेंडांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "तू कशी आहेस गं, खरं सांग." मजेत आहे, म्हटलं. त्या हात सोडेनात. चिकटपणा हा स्वभावच.

मंगळवार, १ जुलै
गिलाव्याचं मिश्रण कालवलं. व्हिडिओत माणूस लोण्यासारखं पसरवतो. माझं आधी भिंतीवर थांबेना, मग बादलीतून निघेना. बादली फेकली. दुसरी आणली. भिंतीला आता थोडा चढ-उतार आहे. वॉलपेपरखाली दिसणार नाही.

दोन आठवड्यांचा अंदाज कोरड्या हवेचा होता.

रविवार, ६ जुलै
डॅडना हवापालट हवा म्हणून फायलीला समुद्रावर नेलं. त्यांचे गुडघे लक्षात घेऊन प्लॅन केला होता. दर अर्ध्या तासाला बाक, खडकांकडे अजिबात नाही, थर्मास, घोंगडी, जादा स्वेटर.

डॅड गाडीतून उतरले आणि तडक खडकांकडे चालू लागले. मी हाका मारत मागे. शेवाळावर पाय घसरून माझा घोटा मुरगळला. डॅड परत आले, थर्मास, घोंगडी आणि स्वेटर एका खांद्यावर घेतले आणि दुसऱ्या खांद्यावर मला. वाटेत घेतलेल्या फिश अँड चिप्समधला मासा सीगलनं माझ्या हातातून नेला. चिप्सना हात लावला नाही.

कॅफेतल्या बाईनं डॅडना पाहून विचारलं, "आज ग्लेंडा नाही का?" तिची कोणा दुसऱ्याशी गल्लत झाली असणार. डॅडसारखा चेहरा यॉर्कशरमध्ये दर मैलाला दिसतो.

घोट्यावर बर्फ. डॅड म्हणाले, "टॅम, तुझं सगळं ठीक चाललंय ना?" म्हटलं, माझं काय विचारता, तुमचं बोला. ते काहीतरी बोलणार होते. पण मी त्यांना दमू दिलं नाही.

बुधवार, १६ जुलै
रजा घेऊन वॉलपेपर लावला. हिरव्या पाण्यात उभे राखाडी बगळे, डॅडना पक्षी आवडतात म्हणून. खळ भरपूर झाली. पहिली पट्टी भिंतीला, दुसरी दाराला, तिसरी मला. संध्याकाळपर्यंत दोन भिंती झाल्या. मागे सरून पाहिलं. खिडकीकडच्या भिंतीवर बगळे झकास उभे आहेत. पलंगाकडच्या भिंतीवर सगळे शीर्षासन करतायत.

कागद उरलेला नाही. झोपून पाहिलं तर ते फारसे उलटे वाटत नाहीत. डॅड त्या खोलीत झोपणारच आहेत.

रविवार, २० जुलै
पलंग शुक्रवारी यायचा तो आज आला. नेमके डॅड घरात. दोन माणसं डबल पलंग घेऊन जिना चढू लागली. सिंगल पलंग गाद्यांच्या दुकानात संपले होते. डॅडनी पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लाल झाले. म्हटलं, वर थोडं काम काढलंय, आत्ता विचारू नका, वेळ आली की सांगेन.

डॅडचा चेहरा एकदम उजळला. माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, "बरं झालं बाळा. वेळ आलीच होती." आणि डोळे पुसले.

म्हणजे त्यांना कळलंय. आपल्याला आता एकट्यानं जमणार नाही, हे त्यांनी मनोमन मान्य केलंय. किती समजूतदार माणूस आहे. रात्रभर मलाच रडू येत राहिलं.

रविवार, २७ जुलै
डॅड आले नाहीत. एप्रिलपासून पहिल्यांदाच. साडेबाराला फोन केला. म्हणाले, "अगं, जरा बाहेर आलोय. तुला हवाच असेल ना मोकळा रविवार?" मागे सीगल ओरडत होते, आणि कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

वाट चुकून भलतीकडे जाणं. हेही वाचलं होतं.

दोघांचं रोस्ट एकटीनं संपवलं.

रविवार, १० ऑगस्ट
आजही नाहीत. इमोजनला सांगितलं की डॅड भरकटायला लागलेत, आता उशीर करून चालणार नाही. म्हणाली, "टॅम, सत्तराव्या वाढदिवसाला डॅडना तुझ्याशी काही बोलायचंय. तेवढं नीट ऐकून घे." म्हटलं, मलाही त्यांच्याशी बोलायचंय. ती म्हणाली, माहितीये, डॅडनी सांगितलं, आम्हाला सगळ्यांना फार आनंद झालाय.

कसं काय माहीत? सरप्राइज फुटलेलं दिसतं. तरीही इतक्या गुण्यागोविंदानं हे होतंय याचं समाधान वाटलं.

शनिवार, २३ ऑगस्ट
खोली तयार. पडदे शिवायचे होते ते पिनांनी लावले. कोपऱ्यात फुगवटा आलाय, तिथे कपाट सरकवलं. न्हाणीत डॅडना आधाराला दांडी बसवली. धरून पाहिली. दांडी, दोन टाइल्स आणि मी एकदमच खाली आलो. तेवढं सोडलं तर घर सत्तरीच्या माणसाला पूर्ण सुरक्षित आहे.

घराची जादा किल्ली पाकिटात घातली. भाषण पाठ केलं. चार मिनिटं.

रविवार, २४ ऑगस्ट
इमोजनच्या बागेत सगळे. केक ग्लेंडांनी केला होता. लिंबाचा.

मी चमच्यानं ग्लास वाजवायला उठले, तेवढ्यात डॅडच उभे राहिले. वर उत्तरेला, अँबलला, समुद्रावर छोटं घर घेतलंय, म्हणाले. ते आणि ग्लेंडा. पुढच्या महिन्यात राहायला जाणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एका हातात पाकीट होतं म्हणून आवाज आला नाही.

मग डॅडनी ग्लास माझ्याकडे केला. "टॅमसाठी. हिला सोडून जायला माझा पाय निघत नव्हता. पण आता हिच्याही घरात कोणीतरी येतंय. नाव ती सांगेल तेव्हा सांगेल, मी विचारणार नाही."

सगळे माझ्याकडे बघून हसले. फ्लोरानं विचारलं, त्याच्याकडे कुत्रा आहे का. नाही, म्हटलं.

भांडी विसळताना इमोजननं सांगितलं. अँबलचं घर डॅडनी एप्रिलमध्येच घ्यायचं ठरवलं होतं. डंकन गेला, मी जेवेनाशी झाले, फोन उचलेनाशी झाले, म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं. माझ्या पोटात आठवड्यातून एकदा तरी नीट जेवण जावं म्हणून दर रविवारी यायचे. ग्लेंडांनीच सांगितलं होतं, पोरगी सावरेपर्यंत थांबू. मग पलंग आला.

"कोण आहे तो?" इमोजननं विचारलं.

म्हटलं, तू त्याला ओळखत नाहीस. आणि प्लेट पुसत राहिले. ती आधीच कोरडी होती.

मंगळवार, २६ ऑगस्ट
डॅडना काही सांगायचं नाही, असा निश्चय केला.

मी जेवत नव्हते, असं मला आठवत नाही. मार्चची पानं काढून पाहिली. कोरी आहेत.

बुधवार, ३ सप्टेंबर
मागच्या खोलीत झोपून पाहिलं. बगळे उलटेच वाटतात.

रविवार, १४ सप्टेंबर
सहज अँबलच्या बाजूला गेले होते. मालटनहून अडीच तास लागतात. डॅडना करमत नसेल, एवढीच काळजी.

दार डॅडनी उघडलं. कमरेला एप्रन, हात पिठाचे. पाठीमागून ग्लेंडांनी विचारलं, कोण आहे. "टॅम आहे," डॅड म्हणाले, आणि थोडं थांबून, "एकटीच आहे."

ग्लेंडांनी तिसरं ताट मांडलं. काही विचारलं नाही. मटण मऊ होतं. मी दोनदा वाढून घेतलं. मग त्या वाळत घातलेले कपडे आणायला म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ बाहेरच राहिल्या.

डॅड शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "खोलीत कोणी येणार नव्हतं. ती तुमच्यासाठी होती. तुम्हाला एकटं वाटतंय असं मला वाटलं."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाले, "आणि मी दर रविवारी वाटेत स्वतःला बजावायचो, पोरगी एकटी आहे, संध्याकाळी सहाच्या आत उठायचं नाही."

आम्ही दोघं हसलो. ते आधी थांबले.

म्हणाले, "टॅम, आम्ही इथून हलणार नाही बरं का."

म्हटलं, हलू नका, मी तेच सांगायला आले होते. हे खरं नव्हतं, पण बोलल्यावर बरंच खरं वाटलं.

चहा झाला. बंदरापर्यंत एक फेरी झाली. परत आलो, पुन्हा चहा झाला. डॅडना माझी सोबत हवीय हे दिसत होतं, म्हणून मी बसून राहिले. ग्लेंडांनी टेबल पुसलं, दिवे लावले, डॅडकडे पाहिलं. त्या दोघांना संध्याकाळी नाचाच्या क्लासला जायचं होतं, हे मला मागाहून कळलं.

डॅड म्हणाले, "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येत जा. जेवायला."

म्हटलं, बघते, माझे रविवार हल्ली फार भरलेले असतात.

"हो ना," डॅड म्हणाले, आणि माझा कोट आणून दिला.