घरी जायला परतीचं तिकीट

ती. आईस,

तावितचा ऑकलंडहून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांच्या मातीला मी आलो नाही म्हणून गाव नावं ठेवत असेल. त्यांना सांग, मला विमानात चढूच दिलं नाही. तुझ्याजवळ किती दिवस राहायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून एकेरी तिकीट काढलं होतं. काउंटरवर नेमकी आपल्या पाद्रीबाबांची नात! म्हणाली, "काका, पासपोर्ट न्यूझीलंडचा आहे. सामोआला व्हिसा नको, पण परतीचं तिकीट दाखवा."

"अगं, मी तिथलाच! बापाला पुरायला घरी चाललोय."

"ठाऊक आहे हो काका. पण तुम्हाला असंच सोडलं तर दंड कंपनीला बसतो."

तिकीट काढेपर्यंत विमान गेलं. पुढच्यात जागा मिळेपर्यंत तुम्ही माती उरकून मोकळे झालात. बाबांवर घालायला घेतलेली चटई इथेच कोपऱ्यात पडली आहे.

लागीताई सांगत होती, घरापुढे बाबांच्या कबरीशेजारी तू माझी जागा राखली आहेस. असू दे. फक्त तिथे निजायला येताना परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं, तेवढं त्या पोरीला विचारून ठेवतो.

तुझाच, अजून तरी,
तावित