नातवंडांची पाणी सोसायटी

ती. सौ. सुभद्राआत्यास,

कुशावर्ताचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, चिंचवडला नळ रोज येत असेल (इकडे सगळे आधी हेच विचारतात, मग तब्येत) आणि मामांचं पित्त शांत असेल, अशी आशा करते. इकडे सर्व खुशाल. टँकर एक दिवसाआड येतो आणि आजीचा गुडघा रोज दुखतो.

सुट्टीला आलेल्या श्रुतिका आणि ओमला कंटाळा आल्याचं कळलं तर येऊन घेऊन जाईन, असं तू लिहिलंस. म्हणून सविस्तर लिहिते. पेपरच्या पुरवणीत मी वाचलं होतं की शहरात आजी-आजोबा नातवंडांसाठी एखादी कल्पना घेऊन सुट्टी आखतात. पोरांची सुट्टी आखणं हे बी.ए. होऊन घरी बसल्यावर मला मिळालेलं पहिलंच काम, ते फसलं तर परत कुणी मला काही विचारणार नाही. मी आजी-आबांना कल्पना विचारली. आजी म्हणाली, कुरडया करू आणि दुपारी झोपू. आबा वीस वर्षं गावच्या सोसायटीचे चेअरमन, ते म्हणाले, "सहकार. लेकरांना आत्ताच कळलं पायजे." मला भरून आलं. मी त्यात दुष्काळ घातला आणि नातवंडांची पाणी सोसायटी उभी राहिली. टँकरचं पाणी पिंपात भरायचं आणि कुणाला किती बादल्या, ते सर्वांनी मिळून ठरवायचं. पोरांनी कामाला हात लावावा म्हणून आबांनी नियम केला, की ज्याचा हात पाण्याला लागला तोच सभासद.

अध्यक्ष बिनविरोध निवडावा असं माझं मत होतं. आबा म्हणाले, "बिनविरोध झाल्यावर शिकतील काय?" मग तुझी श्रुतिका उभी राहिली आणि परळीच्या काकांचा सुग्रीव उभा राहिला. परळीची तिघं एकीकडे जातील असं मला वाटलं होतं, पण सुग्रीवच्या धाकट्या बहिणीला श्रुतिकाने रिबीन दिली (प्रचारात रिबीन चालते का, याबद्दल नियमात काही नव्हतं). आता दोन्हीकडे दोन-दोन मतं, पाचवं ओमचं. आणि मतदानाच्या दिवशी सकाळीच ओम नाहीसा झाला.

आत्या, घाबरू नकोस, तो सापडला म्हणूनच लिहिते आहे. आम्ही सगळी आळी धुंडाळली. विहिरीत डोकावलो. दुष्काळाचा एवढाच फायदा, की तळ स्वच्छ दिसला. ओम मळ्यातल्या गोठ्यात कडब्यावर बसून मुरमुरे खात होता, जवळ सुग्रीव पहाऱ्यावर. मत फुटू नये म्हणून सभासद सहलीवर न्यायचा असतो, हे त्याला आबांनीच शिकवलं होतं. मी आबांना रागावले. ते म्हणाले, "तू पुस्तकातला सहकार शिकलीस, बाई. ह्यो चालू सहकार हाय." ओमने घरी आल्यावर पुढची निवडणूक कधी, एवढंच विचारलं.

संध्याकाळी अंगणात हात वर करून मतदान सुरू झालं, तेवढ्यात आजी, आई आणि काकी चुलीपासून उठून आल्या. आई म्हणाली, अध्यक्षपदाला आजीचं नाव घाला.

"तुमचं काय काम इथं?" आबांनी विचारलं.

"पान्याला हात लागला तो सभासद, तुमीच म्हनलात की," आजी म्हणाली. "माजा लगीन झाल्यापासून लागलाय. तुमचा कवा लागला?"

मी निवडणूक अधिकारी होते. मला नियमाप्रमाणे आबांना सभेबाहेर बसवावं लागलं. श्रुतिका आणि तिच्या गटानेही आजीला हात वर केला, नंतर ओमनेही. आजी अध्यक्ष झाली आणि तिचा पहिला ठराव असा, की पुढच्या टँकरचं पाणी आबांनी भरायचं.

आबा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत घागर घेऊन रांगेत उभे राहिले. मागून शेजारचा आश्रुबा म्हणाला, "चेअरमनसाहेब, ह्या टर्मला कोनतं खातं मिळालं?" आबांनी घागर पुढे केली. घागर निम्मी सांडली, त्यावर चौकशी समिती नेमली आहे. तेव्हा पोरांना अजिबात कंटाळा आलेला नाही, त्यांना महिनाअखेरपर्यंत खुशाल राहू दे.

तुझी भाची,
कुशावर्ता

ता. क. खऱ्या सोसायटीची निवडणूक पुढच्या रविवारी आहे. महिला राखीव जागेवर आबांनी आजीला न विचारता आपल्या पॅनेलमध्ये गावातल्या आप्पारावांच्या सुनेला घेतलं. आजीने अर्ज भरला आहे. पाचही पोरं तिच्यासाठी दारोदार फिरतात. मी पदवीधर असल्यामुळे तटस्थ आहे. आजीच्या अर्जावर सूचक म्हणून सही तेवढी केली.

आणखी एक. मतं वाढावीत म्हणून आबांनी पूर्वी घरातल्या सगळ्यांच्या नावे शेअर काढले होते, त्यात तुझाही आहे आणि तो अजून चालू आहे. तेव्हा पोरांना न्यायला म्हणून शनिवारीच ये. आबा जीप पाठवतील, त्यांना बाकी काही सांगू नकोस.

शेवटचं. आपल्या पॅनेललाच मत दे, असं पत्र आबांनीही तुझ्यासाठी सांगितलं आहे. त्यांची पत्रं मीच लिहिते. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिते आहे, रविवार उलटला की सोमवारच्या टपालात नक्की पडेल.