शेरा : चिंता नसावी

४ मार्च, सोमवार
लसींच्या कोल्ड रूमवर रुजू झालो. गारव्याचं यंत्र दर तासाला संगणकावर एक ओळ टाकतं : तापमान=५ दार=बंद. त्याच ओळीपुढे मी शेरा लिहायचा. मग इथलाच संगणक सांभाळणाऱ्या सूनबाईचा प्रोग्राम ओळीतून बरोबरच्या खुणेआधीचं नाव आणि नंतरचा आकडा वेगळे काढतो. आठच्या वर गेलं की भोंगा. आठच्या वर लस मरते, बाटली मात्र होती तशीच दिसते, असं तिने तीनदा बजावलं. सातवी पास असलो तरी शेरा झकास लिहिला : पाहिलं, ठीक आहे.

५ मार्च
कालचा शेरा फार मोघम. आजपासून यंत्राच्याच भाषेत : तापमान=४ दार=बंद, चिंता नसावी. दर तासाला, रात्रीसुद्धा, हाच आपोआप चिकटेल अशी सोय संगणकात होती, ती लावून टाकली. सूनबाई म्हणाली, बाबा, शेऱ्यात बरोबरची खूण नको हं, एकाच नावाचे दोन आकडे आले तर प्रोग्राम शेवटचा धरतो. बरं म्हटलं. शेवटचा म्हणजे माझाच की! या वयात एवढा मान.

७ मार्च, दुपार
यंत्र घुरघुरायचं, आता खरखरतंय. भिंतीवरचं मीटर १३ दाखवतं. बिघडलं असणार. भोंगा गप्प आहे ना, मग झालं. उद्या मेकॅनिकला सांगायचंच.

८ मार्च
मेकॅनिक कामात दिसला. उगाच कशाला त्रास? आत भिंतींना पाणी सुटलंय. पुसून घेतलं. दवाखान्याचा ड्रायव्हर खोके उचलताना म्हणाला, काय हो काका, आत चहा उकळता की काय? म्हटलं, तुझेच हात गरम आहेत. हसत गेला. मला हसू आलं नाही.

९ मार्च
सूनबाईने नातीला लस टोचून आणली. आपल्याच खोलीतली! पोरगी रडली नाही. रात्रभर मीच तिच्या कपाळाला हात लावून पाहत होतो. कशासाठी, कोण जाणे.

११ मार्च, सकाळी ११
सूनबाईने मूळ ओळी उघडल्या. यंत्र तेरा, चौदा, सोळा म्हणत होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा चार. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. शहाऐंशी मुलांना पुन्हा टोचायचं. घरोघरी फोन करून कारण मीच सांगायचं.

यादीत पहिलं नाव नातीचं. नियमाने सूनबाईचा नंबर लावला. ती समोरच्याच टेबलावर होती. फोन वाजून वाजून बंद पडला.

रेंज नसावी.